फोटो नको, वाचून दाखव

रात्री पावणेदोनला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. तोही वाकडा. अर्ध्या स्क्रीनवर ट्यूबलाइटचा पट्टा, खालच्या कोपऱ्यात तुझा अंगठा, आणि सोबत तीन शब्द: ‘सर, चालत नाहीये.’ काय चालत नाहीये? लॅपटॉप, व्हर्च्युअलबॉक्स की डोकं? त्या अंगठ्याखाली काय होतं, माहीत आहे? एररचा कोड. सगळ्या चौकटीत कामाची म्हणून जी एक ओळ होती, तिच्यावर बरोब्बर बोट ठेवलंस. झाकायला.

बस इथे. काढ लॅपटॉप. कर ती मशीन सुरू, येऊ दे एरर. आला? आता मोठ्याने वाच. अंहं, ‘काहीतरी व्हर्च्युअलायझेशनचा प्रॉब्लेम आहे’ असं नाही लिहिलेलं तिथे. जे लिहिलंय ते वाच. ‘एएमडी-व्ही इज डिसेबल्ड इन द बायोस, ऑर बाय द होस्ट ओएस.’ शाबास. आता मराठीत सांग. एएमडी-व्ही बायोसमध्ये बंद आहे, नाहीतर खालच्या विंडोजने बंद केलंय. कुठली गोष्ट बंद, कुठे बंद, दोन्ही सांगून मोकळं झालंय बिचारं. याहून स्पष्ट कुणी बोलायचं तुझ्याशी? आणि तू पंधरा दिवस त्या वाक्याला प्रदक्षिणा घालतोयस.

काय काय केलंस या पंधरा दिवसांत? सांग की, आता का मान खाली? व्हर्च्युअलबॉक्स काढलं, परत टाकलं. किती वेळा? चार. चौथ्या वेळी काय वेगळं होणार होतं? दाराला बाहेरून कुलूप आहे आणि तू आतले पडदे बदलतोयस. मग अँटिव्हायरस बंद केलंस. मग कुठल्या तरी व्हिडिओत बघून रजिस्ट्रीत हात घातलास. काय बदललंस, आठवतं? नाही आठवत. लिहून ठेवलंस? छे. मग मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरखाली ‘नेस्टेड’ असं लिहिलेल्या चौकोनावर टिक करायला गेलास आणि ती होत नाही म्हणून पुन्हा रडलास. अरे, ‘नेस्टेड’ म्हणजे काय? व्हर्च्युअल मशीनच्या पोटात दुसरी व्हर्च्युअल मशीन चालवायची असेल तर ते लागतं. इथे पहिलीचाच पत्ता नाही आणि तुला नातवंडांची घाई.

आणि सगळ्यात कहर तो निरोप. ‘सर, माझ्या बायोसमध्ये व्हीटी-एक्स हा ऑप्शनच नाहीये.’ कसा असेल? व्हीटी-एक्स इंटेलचं. तुझ्या मनगटाखाली, टचपॅडच्या शेजारी, कंपनीने स्टिकर चिकटवलाय. दिवसातून शंभर वेळा त्यावर हात घासतोस. वाच काय लिहिलंय. रायझन. रायझन कुणाचं? एएमडीचं. एएमडीच्या बायोसमध्ये त्या पर्यायाला बहुतेक ठिकाणी ‘एसव्हीएम मोड’ म्हणतात, काही लॅपटॉपवर नुसतं ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’. एररमध्ये ‘एएमडी-व्ही’ ठसठशीत लिहिलंय. कोडमध्येही ‘एसव्हीएम डिसेबल्ड’ असंच आहे, पण तिथे अंगठा होता, नाही का! म्हणजे नाव पुढ्यात, आडनाव पुढ्यात, आणि तू शेजाऱ्याच्या दारावरची पाटी वाचून परत आलास. घरी कुणी नाही म्हणे.

तू ढ असतास ना, तर मी इतका चिडलो नसतो. ढ मुलांना मी ओरडत नाही, हवं तर विचार कुणालाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात हायपरवायझरचे दोन प्रकार तूच लिहिलेस, आकृतीसकट, स्केलपट्टीने रेषा मारून. व्हायवाला रिंग शून्य म्हणजे काय ते मी न विचारता सांगितलंस. आणि तीच गोष्ट स्वतःच्या मांडीवरच्या मशीनमध्ये समोर आली तर ओळख दाखवत नाहीस. पेपरातलं ज्ञान पेपरात, आणि लॅपटॉप बिघडला की यूट्यूब? मग ती स्केलपट्टी कशाला झिजवलीस?

तुला अजूनही वाटतंय की हे एएमडी-व्ही, व्हीटी-एक्स म्हणजे वरकड चैन आहे. असलं तर बरं, नसलं तर कसंतरी भागवू. म्हणूनच तू तो ३२-बिट उबुंटूचा उद्योग केलास ना? हो, मला कळलंय तेही. यादीत ६४-बिट दिसत नाही म्हणून कुठून तरी १६.०४ची जुनी ३२-बिट फाइल उतरवलीस. २०१६ सालचं भांडं. त्याची नेहमीची सपोर्टची मुदत २०२१ मध्ये संपली. दीड जीबी डेटा त्यात घातलास आणि वळसा मारून त्याच कुलपापाशी येऊन उभा राहिलास. कारण व्हर्च्युअलबॉक्सने ६.१ या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २०१९ मध्ये, हार्डवेअरच्या मदतीशिवाय चालायची सोयच काढून टाकली. गेस्ट, म्हणजे आतली सिस्टीम, ३२ असो की ६४.

ती सोय का काढली, आणि आधी ती होती म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घे. हे माझ्या आवडीचं आहे, त्यामुळे ओरडणं दोन मिनिटं बंद.

गेस्टचं कर्नल स्वतःला मालक समजतं. त्याला रिंग शून्य हवी. तिथे तर आधीच तुझी विंडोज बसलीय. मग गेस्टला खालच्या हक्कावर चालवायचं आणि त्याने मालकीची सूचना दिली की पकडायचं, ती हायपरवायझरने, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराने, त्याच्या वतीने पार पाडायची. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी याची अट मांडून ठेवली: मशीनच्या ताब्याशी खेळणारी प्रत्येक सूचना पकडीत आलीच पाहिजे. एक्स८६ मध्ये तसं होत नव्हतं. २००० साली रॉबिन आणि आयर्व्हाइन यांनी पेंटियमच्या सूचना चाळल्या, तेव्हा अशा १७ सूचना हाती लागल्या. त्यातली ‘पॉपएफ’ बघ. इंटरप्ट बंद कर म्हणून तिला सांग. हक्क असेल तर करते. हक्क नसेल तर? एरर देत नाही, अडत नाही, ओरडत नाही. गप्प पुढे जाते. काम मात्र झालेलं नसतं. गेस्टला वाटतं झालं, हायपरवायझरला कळलंच नाही.

ही खरी भीतीदायक गोष्ट, बाळा. न बोलणारी चूक. त्या गप्प बसणाऱ्या सूचनांपायी व्हीएमवेअरवाल्यांनी १९९९ मध्ये गेस्टच्या कर्नलचा कोड धावता धावता वाचून, अडचणीच्या जागा बदलून, मग प्रोसेसरला देण्याचा उपद्व्याप केला. बायनरी ट्रान्सलेशन. असामान्य काम आहे ते. पुढे नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने पेंटियम ४ च्या दोन मॉडेलांत आणि २००६ मध्ये एएमडीने आपल्या अ‍ॅथलॉनमध्ये अशा सूचना पकडायची सोय थेट चिपमध्येच घातली. गेस्टला त्याची रिंग शून्य मिळाली, वर हायपरवायझरसाठी वेगळा, त्याहून वरचढ मोड. म्हणजे लोकांनी पंचवीस-तीस वर्षं डोकं झिजवून गप्प बसणाऱ्या मशीनला बोलतं केलं, आणि आता ती बोलते तर तू तिच्या तोंडावर अंगठा ठेवतोस.

झाली दोन मिनिटं.

रजिस्ट्रीने हे का सुटत नाही, ते आता तूच सांग. सांगता येत नाही? इंटेलच्या चिपमध्ये या कामासाठी एक रजिस्टर असतं. त्यातल्या अगदी पहिल्या बिटचं नावच ‘लॉक’. मशीन जागी होताना बायोस ठरवतो, सोय चालू की बंद, आणि कुलूप घालतो. विंडोज त्याच्यानंतर येते. एकदा कुलूप पडलं की मशीन रीसेट होईपर्यंत ते कुणालाच उघडत नाही. एएमडीतही तसंच रजिस्टर, तसंच कुलूप, नाव वेगळं. म्हणजे विंडोजमध्ये बसून तू जे काही दाबलंस, खरडलंस, इन्स्टॉल केलंस, ते सगळं उंबऱ्याच्या अलीकडचं. व्हिडिओतल्या त्या भल्या माणसाला हे ठाऊक नसेल. तुला ठाऊक असायला काय हरकत होती?

बंद का ठेवतात म्हणून कंपनीला शिव्या घालू नकोस. २००६ मध्येच जोआना रुटकोव्स्काने ब्लॅक हॅट परिषदेत ‘ब्लू पिल’ दाखवलं होतं. चालू विंडोजच्या खाली गुपचूप हायपरवायझर सरकवायचा, विंडोजला थांगपत्ता नाही. एएमडीच्या याच सोयीवर. तेव्हा ज्याला गरज त्याने हाताने चालू करावं, यात वेडेपणा काही नाही.

आता रीस्टार्टचं सांग. ‘केलं सर, दहा वेळा केलं.’ कसं केलंस? करून दाखव. हे काय? झाकण मिटलंस आणि उघडलंस? याला रीस्टार्ट म्हणतात? ही मशीनची डुलकी झाली. आणि शट डाउनवरही भरवसा ठेवू नकोस. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं तर शट डाउन केल्यावर कर्नल डिस्कवर जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी तेच उचलून आणतात. खरं नव्याने सुरू होणं मेनूतल्या ‘रीस्टार्ट’ने. बायोसमध्ये शिरायला एफ२ की एफ१० की डिलीट, हे तुझ्या कंपनीवर आहे. पण बटणावर बोटांनी तबला वाजवायची गरज नाही. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप. तिथून यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. विंडोज स्वतः हाताला धरून नेऊन सोडते. आणि हे सगळं करण्याआधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर टिचकी मारलीस का कधी? खाली ओळ असते: व्हर्च्युअलायझेशन. पुढे एनेबल्ड नाहीतर डिसेबल्ड. दहा सेकंदांचं काम. पंधरा दिवसांत दहा सेकंद सापडले नाहीत.

बरं, ही पहिली वेळ होती का? आठव. मागच्या सेमिस्टरला लिनक्ससाठी डब्ल्यूएसएल टाकत होतास. त्याने काय सांगितलं होतं? ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म चालू करा, आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे याची खात्री करा.’ त्यातलं पहिलं अर्धं केलंस. दुसरं अर्धं? सोडून दिलंस, कारण वाक्य लांब होतं. मग डॉकर टाकलंस. तेही व्हर्च्युअलायझेशन सापडत नाही म्हणून बसलं. आता व्हर्च्युअलबॉक्स. तिघांनी तीन वेळा तुला एकच गोष्ट सांगितली, आणि तू तिघांनाही अनइन्स्टॉल केलंस. तिघं खोटं बोलतात, तू एकटा खरा?

काल तुझ्या बाबांचा फोन आला होता. तुला माहीत नसेल. ‘सर, पोरगा म्हणतो लॅपटॉपच खराब निघाला. हप्ते अजून सात राहिलेत. बदलायचा का, की मदरबोर्ड दुरुस्त होईल?’ मदरबोर्ड! हा शब्द त्यांच्या तोंडात कुणी घातला? तू. स्वतःला न वाचलेल्या एका ओळीचं ओझं त्या माणसाच्या डोक्यावर ठेवून तू झोपी गेलास. मी त्यांना म्हटलं, मशीन उत्तम आहे, दुरुस्तीला दुसरंच काहीतरी पाठवा. ते हसले. मला हसू आलं नाही.

आणि तू रे, दारात उभा राहून दात काढणारा. ये आत. ‘लिनक्सवर असले प्रॉब्लेम नसतात सर’ असं महिन्याभरापूर्वी कोण म्हणालं होतं? तुझ्याकडे काय आलं होतं मग? ‘व्हीएमएक्स रूट मोड’. नोव्हेंबर २०२४ मध्ये ६.१२ कर्नल आलं, तेव्हापासून केव्हीएमचं, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या हायपरवायझरचं, मॉड्यूल लोड होतानाच हार्डवेअरचा ताबा घेऊन बसतं. पूर्वी पहिली मशीन सुरू होईपर्यंत थांबायचं. तुझ्या व्हर्च्युअलबॉक्सला मग जागाच मिळाली नाही. मॉड्यूल उतरव, नाहीतर बूटच्या ओळीत ‘एनेबल व्हर्ट अ‍ॅट लोड’ शून्य कर, झालं. तू काय केलंस? जुनं कर्नल टाकलंस आणि ग्रुपवर लिहिलंस ‘फिक्स्ड’. त्याला फिक्स म्हणत नाहीत, पळ काढणं म्हणतात. जा आता, तुझं जर्नलही अपुरंच आहे.

तर, आपलं. उद्या तू एसव्हीएम चालू करशील. मशीन सुरू होईल. तू खूश. आणि रात्री परत फोटो: ‘सर, चालतंय पण खूप स्लो.’ आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे माझी झोप वाचेल. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत उजवीकडे खाली चित्रांची रांग असते. तिथे हिरवं कासव दिसलं तर समज, खाली मायक्रोसॉफ्टचा हायपरवायझर आधीच बसलाय. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. त्या वरचढ मोडमध्ये मालक एकच. हायपर-व्ही जागं झालं की तुझी विंडोजसुद्धा त्याच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू, आणि व्हर्च्युअलबॉक्स त्या भाडेकरूकडे आलेला पाहुणा. पाण्याच्या तांब्यासाठीही दोघांना विचारायचं.

‘पण सर, मी हायपर-व्ही चालूच केलं नाही. माझं होम एडिशन आहे.’ आलं का उत्तर तयार! विचार करायला वेळ लागतो, सबबीला लागत नाही. हायपर-व्हीच्या नावाचं खोकं होममध्ये नसतं, पण आतलं इंजिन असतं. व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मवर टिक कुणी केली होती? तूच, डब्ल्यूएसएलसाठी. बायोसमध्ये सोय बंद होती म्हणून ती टिक निपचित पडून होती. उद्या जागी होईल. शिवाय विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी नावाची गोष्ट असते. तीही त्याच इंजिनावर चालते, आणि नव्या मशीनवर बऱ्याचदा कुणालाही न विचारता चालू असते. खात्री करायची तर स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ टाईप कर आणि तळाची ओळ वाच. ‘अ हायपरवायझर हॅज बीन डिटेक्टेड’ असं असेल तर सापडला चोर. टास्क मॅनेजर तेव्हा ‘एनेबल्ड’च म्हणत राहील, त्याला भुलू नकोस. त्याचं म्हणणं खरंच आहे. सोय चालू आहे, फक्त दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

मग लगेच बीसीडीएडिटची कमांड चिकटवून हायपरवायझर ऑफ करायला धावशील. माहितीये मला. धाव, पण किंमत ऐकून धाव. ते ऑफ केलंस की डब्ल्यूएसएल २ बंद, डॉकर बंद, मेमरी इंटिग्रिटीचं संरक्षणही बंद. त्यानंतर ‘सर, डॉकर चालत नाहीये’ असा फोटो आला तर मी तो फ्रेम करून लॅबमध्ये टांगीन. मला विचारशील तर तुझ्या प्रॅक्टिकलला काय लागतं? शेल स्क्रिप्ट, फोर्क, सेमाफोर, दोन-चार पाइप. त्याला डब्ल्यूएसएल २ पुरून उरतं. अख्खा डेस्कटॉप हवाच असेल तर कासव चालवून घे. काही होत नाही, तुझ्या टायपिंगपेक्षा ते फास्टच आहे. पण हा निर्णय तू घ्यायचास. कुठल्या व्हिडिओने नाही, मीही नाही.

आणि बायोसमध्ये गेलास की दिसेल ते सगळं चालू करत सुटू नकोस. आयओएमएमयू म्हणून एक असेल. ते वेगळं. एखादं कार्ड थेट गेस्टच्या हातात द्यायचं असतं तेव्हा लागतं. तुला नकोय. तुझ्याकडे द्यायला कार्डही नाही. सिक्युअर बूट, टीपीएम यांना तर बोटही लावू नकोस. एक जागा, एक बदल. सेव्ह कर, बाहेर ये. वहीत लिही: काय होतं, काय केलं, किती वाजता.

चल, माझ्यासमोर कर. सेटिंग्ज उघड. सिस्टीम. रिकव्हरी. रीस्टार्ट नाऊ…

थांब. हात काढ. त्याआधी प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जा. डिव्हाइस एन्क्रिप्शन काय म्हणतंय? ऑन. बघ, आता हेही. बायोसमध्ये काही हललं की कधी कधी विंडोज दारातच अडवते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. मागेलच असं नाही. पण मागितली आणि तुझ्याकडे नसली, तर तुझं प्रोजेक्ट, तुझे फोटो, आईच्या ऑपरेशनची कागदपत्रं ठेवलीस म्हणाला होतास ती, सगळं आतच राहील. आणि त्या वेळी एरर तुला अगदी नीट वाचता येईल.

की कुठे असते? ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्यात. कुठलं अकाउंट तुझं? … म्हणजे काय, माहीत नाही? सुरू कुणी करून दिला होता? दुकानदाराने? त्याच्याच ईमेलने?

फोन काढ. बिलावर नंबर असेल दुकानाचा. बिल आहे ना?